बाळाचा जन्म, प्राप्तिकर आणि परतावा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

मूल वाढवण्याचा खर्च आईबाप करतात, पण त्या मुलाचा उपयोग पुढे सगळ्या समाजाला होतो, हे तत्त्व मान्य करणाऱ्या बहुतेक देशांनी पालकांच्या खर्चाचा काही भाग सरकारी तिजोरीतून उचलण्याची सोय केलेली आहे. ही सोय मुख्यत्वे तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार वजावटीचा, म्हणजे करपात्र उत्पन्नातून ठरावीक रक्कम वगळून उरलेल्या रकमेवरच कर आकारण्याचा. दुसरा प्रकार थेट करसवलतीचा, म्हणजे कराची आकारणी पूर्ण झाल्यावर त्या करातूनच दर मुलामागे ठरावीक रक्कम कमी करण्याचा. तिसरा प्रकार रोख साहाय्याचा, ज्यात कराचा संबंधच न ठेवता पालकांच्या, विशेषतः आईच्या, खात्यात पैसे जमा होतात. अमेरिकेने १९९७ साली दुसरा मार्ग स्वीकारला आणि तेथे २०२५ या वर्षासाठी ही सवलत दर मुलामागे कमाल २,२०० डॉलर आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुलांसाठीची करवजावट मागे पडून रोख बालभत्ता हाच मुख्य आधार झाला.

भारतात पहिला आणि तिसरा हे दोन मार्ग अर्धेमुर्धे एकत्र नांदतात, तर दुसरा मार्ग अस्तित्वातच नाही. घरात मूल जन्मले म्हणून नोकरदाराचा प्राप्तिकर एका रुपयानेही कमी होत नाही. त्या मुलासाठी कायद्याने नेमून दिलेला खर्च किंवा बचत केली आणि त्यासाठी योग्य करप्रणाली निवडली, तरच काही वजावट मिळते. ही व्यवस्था प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगी पडते आणि कोणाला वगळते, हे तपासण्यासाठी कापूस, कोळसा आणि सरकारी नोकरी असे तीन निरनिराळे आर्थिक थर बाळगणारा यवतमाळ जिल्हा सोयीचा आहे.

अपत्यांची गणना करणारा जुना कर

मुलांचा विचार करणारा प्राप्तिकर भारताला अगदीच अपरिचित नाही. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले आणि १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अर्थसंकल्पात करमुक्त उत्पन्नाची तोवर सर्वांना सारखी असलेली १,५०० रुपयांची मर्यादा मोडून विवाहितांसाठी ती २,००० रुपयांपर्यंत वाढवली आणि अविवाहितांसाठी १,००० रुपयांपर्यंत खाली आणली. पुढच्या दोन-तीन वर्षांत याच धाग्याला मुलांचा विचार जोडला गेला आणि निपुत्रिक विवाहितास ३,०००, एक मूल असलेल्यास ३,३०० आणि एकाहून अधिक मुले असलेल्यास ३,६०० रुपये अशी चढती मर्यादा लागू झाली. १९७० च्या अर्थसंकल्पाने वैवाहिक स्थिती आणि अपत्यसंख्या हे दोन्ही निकष बाजूला ठेवून सर्वांसाठी सरसकट ५,००० रुपयांची मर्यादा ठेवली, आणि तेव्हापासून भारतीय प्राप्तिकर हा कुटुंबाचा नव्हे, तर एकेका व्यक्तीचा कर राहिला आहे. पती आणि पत्नी दोघेही कमावते असले तर दोघांची विवरणपत्रे, म्हणजे वर्षभराचे उत्पन्न आणि त्यावरील कर यांचा खात्याला सादर केलेला हिशेब, वेगवेगळी भरली जातात आणि मूल त्या दोघांपैकी कोणाच्याच विवरणपत्रात केवळ अस्तित्वामुळे सवलत मिळवून देत नाही.

जिल्ह्यातला करदाता कोण

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार आहे आणि तिच्यातील चार पंचमांशांच्या जवळपास लोक ग्रामीण भागात राहतात. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तूर हीच बहुसंख्यांच्या पोटापाण्याची साधने आहेत, आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१) नुसार शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. शेतमजुराचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. त्यामुळे बाळाच्या निमित्ताने मिळणारी करवजावट हा विषय जिल्ह्यातल्या अल्पसंख्य घरांपुरताच उरतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक, महसूल आणि पोलीस खात्यांतील कर्मचारी, एस.टी. आणि बँकांचे नोकर, यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर आणि परिचारिका, तसेच वणी परिसरातील वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतील कामगार आणि अधिकारी हे त्यातले मुख्य गट होत. अनेक घरांत नोकरी आणि शेती दोन्ही असतात. अशा वेळी शेतीच्या उत्पन्नावर कर लागत नसला, तरी ते ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादा ओलांडत असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते, ही गोष्ट विवरणपत्र भरताना पुष्कळदा निसटते.

वजावटी आणि दोन प्रणाली

आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चा कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा प्राप्तिकर कायदा २०२५ घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. या प्रकरणात जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण कार्यालयांत आणि करसल्लागारांच्या बोलण्यात तेच रुळलेले आहेत.

मुलांशी संबंधित सर्वांत परिचित तरतूद कलम ८०सी ची आहे. भारतातील शाळा-महाविद्यालयांत पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेले शिकवणी शुल्क दोन मुलांपुरते, आणि भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा वगैरे बचतींसह एकूण दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, या कलमाखाली वजा होते. बालवाडीचे शुल्क त्यात धरता येते, परंतु देणगी, विकासनिधी आणि शाळेच्या गाडीचे भाडे धरता येत नाही. कलम ८०डी खाली स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता २५,००० रुपयांपर्यंत वजा होतो, म्हणून नवजात बाळाचे नाव विमापत्रात वेळेवर घालणे करासाठी आणि उपचारांसाठी दोन्ही दृष्टींनी उपयुक्त ठरते. अपत्याला ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर कलम ८०डीडी प्रमाणे प्रत्यक्ष खर्च कितीही असो, ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची ठोक वजावट मिळते. याच पालकांना महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसायकर कायद्याने आणखी एक सवलत दिलेली आहे. दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसायकर माफ आहे, मात्र त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेतन काढणाऱ्या कार्यालयात द्यावे लागते. नोकरीतून मिळणाऱ्या शिक्षणभत्त्यावरील सूट मात्र १९६२ च्या नियमावलीत दर मुलामागे दरमहा अवघी १०० रुपये होती.

या यादीतल्या प्राप्तिकराच्या वजावटींना एक अट चिकटलेली आहे, ती म्हणजे जुन्या करप्रणालीची निवड. २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली झाली आणि तिच्यात दर कमी असले, तरी ८०सी, ८०डी आणि ८०डीडी या वजावटी नाहीत. वर्षाला नऊ लाख रुपये वेतन असलेल्या शिक्षिकेचे उदाहरण घेतले तर फरक लक्षात येतो. जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, म्हणजे खर्चाचा कोणताही पुरावा न मागता प्रत्येक नोकरदाराला मिळणारी ठोक सूट, शिवाय व्यवसायकर २,५००, ८०सी ची पूर्ण दीड लाख आणि ८०डी ची पूर्ण २५,००० रुपयांची वजावट घेऊनही करपात्र उत्पन्न ६,७२,५०० रुपये उरते आणि त्यावर उपकरासह ४८,८८० रुपये कर बसतो. नव्या प्रणालीत केवळ ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ८,२५,००० रुपये करपात्र ठरतात, परंतु १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला २०२५-२६ पासून मिळणाऱ्या सूटीमुळे (कलम ८७ए) कर शून्य होतो. मुलांसाठी असलेल्या जुन्या वजावटी कायद्याच्या पुस्तकात शिल्लक आहेत, पण जिल्ह्यातल्या मध्यम वेतनाच्या नोकरदाराला त्यांचा आता उपयोग राहिलेला नाही, असा याचा अर्थ होतो. घरभाडेभत्ता, गृहकर्जाचे व्याज आणि दिव्यांग अपत्याची वजावट एकत्र येणाऱ्या काही मोजक्या घरांनी मात्र दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून पाहणे इष्ट आहे. पगारदाराला ही निवड दरवर्षी बदलता येते. खासगी दवाखाना किंवा दुकान चालवणाऱ्याला नवी प्रणाली सोडून पुन्हा तिच्यात परतण्याची संधी एकदाच मिळते.

परतावा कसा निर्माण होतो

परतावा, ज्याला बोलीभाषेत सर्वत्र ‘रिफंड’ म्हणतात, ही सरकारने दिलेली भेट नसून वर्षभरात जास्त कापला गेलेला स्वतःचाच पैसा असतो. वेतन देणारे कार्यालय आणि ठेवीवर व्याज देणारी बँक ही दोन्ही ठिकाणे पैसे हाती देण्यापूर्वीच कर कापून सरकारजमा करतात. या कपातीला उद्गम करकपात किंवा टीडीएस म्हणतात. वर्षाअखेर प्रत्यक्ष देय कर कापलेल्या करापेक्षा कमी निघाला, की फरक परत मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो आणि तो विवरणपत्र भरूनच बजावता येतो.

नव्या पालकांच्या बाबतीत असा फरक निर्माण होण्याचे मुख्य कारण रजा हे आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा दिली. त्या रजेतील वेतन हे नेहमीच्या वेतनासारखेच करपात्र असते, त्यामुळे तिने कर कमी होत नाही. फरक पडतो तो त्यानंतर बिनपगारी रजा घेतल्यास. दरमहा १,१५,००० रुपये वेतन असलेल्या एखाद्या अधिकारी स्त्रीचे वार्षिक उत्पन्न १३,८०,००० रुपये धरून कार्यालयाने नव्या प्रणालीनुसार ७८,७८० रुपये कर ठरवला आणि एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत दरमहा ६,५६५ याप्रमाणे ३९,३९० रुपये कापले, असे समजू. पुढे तीन महिने ती बिनपगारी रजेवर राहिली तर तिचे वर्षाचे वेतन १०,३५,००० रुपये होते, प्रमाणित वजावटीनंतर ते १२ लाखांच्या आत येते आणि देय कर शून्य ठरतो. कार्यालय उरलेल्या महिन्यांतली कपात थांबवू शकते, पण आधीचे सरकारजमा झालेले ३९,३९० रुपये तिला विवरणपत्राद्वारेच मिळवावे लागतात.

दुसरा प्रसंग ठेवीच्या व्याजाचा. बाळंतपणासाठी किंवा बाळाच्या भवितव्यासाठी आईच्या नावावर आठ लाख रुपयांची मुदत ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ५६,००० रुपये व्याज होते, आणि १ एप्रिल २०२५ पासूनची ५०,००० रुपयांची मर्यादा ओलांडल्यामुळे बँक त्यातून दहा टक्के, म्हणजे ५,६०० रुपये कापते. आईला दुसरे उत्पन्न नसेल तर हा सगळा पैसा परत मिळण्याजोगा असतो. वर्षाच्या आरंभीच बँकेत १५जी नमुना, म्हणजे आपल्या उत्पन्नावर कर बसत नसल्याचे घोषणापत्र, भरून दिल्यास तो कापलाही जात नाही. पॅन दिलेला नसेल तर कपातीचा दर दुप्पट होतो.

थकीत वेतन एकाच वर्षी हाती पडल्यास त्या वर्षी कर फुगतो, म्हणून कलम ८९ खाली ते ज्या वर्षांचे आहे त्या वर्षांत विभागून सवलत घेता येते. त्यासाठी विवरणपत्राआधी १०ई हा नमुना भरणे आवश्यक आहे.

बाळाच्या नावावरचा पैसा

मुलाच्या नावावर ठेव ठेवली म्हणजे कर टळतो, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. कलम ६४(१ए) नुसार अज्ञान मुलाचे व्याजासारखे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि त्यातून दर मुलामागे १,५०० रुपयांची जी सूट मिळते तीही जुन्या प्रणालीतच मिळते. बारशाला आलेल्या भेटींबद्दलही नियम आहे. आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या यांच्याकडून मिळालेले दागिने किंवा रोख रक्कम कितीही असली तरी करमुक्त असते, परंतु नातेवाइकांच्या व्याख्येत न बसणाऱ्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांपलीकडे गेली तर ती सर्व रक्कम करपात्र होते. लग्नातल्या भेटींना असलेली विशेष सूट बारशाला नाही. याउलट, २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावाने टपाल कार्यालयात किंवा बँकेत वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते, पैसे १५ वर्षे भरायचे असतात, खाते २१ वर्षांनी परिपक्व होते आणि व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त राहते. नवी प्रणाली निवडलेल्या पालकांसाठीही या खात्याचे महत्त्व त्यामुळेच टिकून आहे.

करकक्षेबाहेरची बहुसंख्य घरे

जिल्ह्यात जन्मणाऱ्या बहुतांश मुलांच्या घरी वर सांगितलेले काहीही लागू होत नाही, आणि त्यांच्यापर्यंत सरकारी मदत पोचते ती अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्यामार्फत. १ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. गर्भारपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि जन्मनोंद व पहिल्या टप्प्याचे लसीकरण झाल्यावर २,००० असे त्याचे दोन हप्ते आहेत. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकाच हप्त्यात मिळतात. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमात नोकरी करणाऱ्या स्त्रियांना ही योजना लागू नाही, म्हणून करवजावटीचा लाभार्थी आणि या योजनेचा लाभार्थी सहसा वेगळाच असतो. महाराष्ट्राच्या लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घरी पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका आणि एक लाखाच्या आत वार्षिक उत्पन्न असल्यास, जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. आदिवासी भागांतील गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना केळापूर, झरी जामणी, मारेगाव यांसारख्या तालुक्यांतील कोलाम आदिवासींच्या पोडांसाठी, म्हणजे वस्त्यांसाठी, रोख रकमेइतकीच महत्त्वाची आहे.

या योजनांचा आधार असतो जन्माचा दाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, आणि ती जेथे जन्म झाला तेथेच करावी लागते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा असल्यामुळे वणी किंवा झरी जामणी तालुक्यातील सुनेचे मूल पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या दवाखान्यात जन्मले, तर दाखला तेलंगणातून आणावा लागतो. ऊसतोडीसाठी किंवा इतर कामासाठी तांड्यावरून दूर गेलेल्या कुटुंबांची अडचण याहून मोठी असते. एक वर्षापेक्षा जास्त उशीर झाल्यास नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा मानला जातो, त्यामुळे हा एक कागद चुकला तर अनेक हक्क अडतात.

परतावा का अडकतो

विवरणपत्रांची छाननी बंगळुरूच्या केंद्रात संगणकाद्वारे होते आणि परताव्याची रक्कम आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होते. नवविवाहित स्त्रियांच्या बाबतीत येथेच खोळंबा होतो, कारण पॅनवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे नाव आणि आधारवर तिसरीच नोंद असली तर खाते पडताळले जात नाही आणि मंजूर झालेला परतावा परत जातो. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी झाली नाही तर ते वैध मानले जात नाही, हे दुसरे कारण. वार्षिक माहिती विवरणात दिसणारे व्याज विवरणपत्रात न दाखवणे हे तिसरे. सर्वसाधारण पगारदारांसाठी ३१ जुलै ही नेहमीची अंतिम तारीख असून ती चुकल्यास १,००० किंवा ५,००० रुपये विलंबशुल्क पडते आणि जुनी प्रणाली निवडण्याचा हक्कही जातो. वेळेवर भरलेल्या विवरणपत्रात परतावा देय कराच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल, तर कलम २४४ए नुसार करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतर लगेच येणाऱ्या वर्षाच्या, १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. हे व्याज मात्र पुढच्या वर्षी करपात्र उत्पन्नात दाखवावे लागते.

याच ठिकाणी दलालांचा शिरकाव होतो. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणारे काही जण खोटे दिव्यांगत्व, न भरलेले विम्याचे हप्ते किंवा राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या दाखवून मोठा परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा बनावट दाव्यांविरुद्ध सुमारे दीडशे ठिकाणी कारवाई केली. खोटा दावा सिद्ध झाल्यास चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो आणि तो दलालाला नव्हे, ज्याच्या पॅनवर विवरणपत्र भरले त्याला भरावा लागतो.

भारतीय प्राप्तिकराने मुलाला करसवलतीचा आधार मानणे १९७० मध्ये सोडले आणि नव्या प्रणालीने उरलेल्या वजावटीही बहुसंख्य पगारदारांसाठी निष्प्रभ केल्या, त्यामुळे नव्या पालकांनी करात बाळासाठी सूट शोधत बसण्यापेक्षा जास्त कापला गेलेला स्वतःचा पैसा वेळेत परत मिळवण्याकडे लक्ष द्यावे, हे अधिक फायद्याचे. नोकरदार घराने जुलैपूर्वी पॅन, आधार आणि बँक खात्यातील नावे एकसारखी करून घ्यावीत, शेतकरी आणि मजूर घराने २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करून अंगणवाडीत अर्ज द्यावा, आणि दोघांनीही टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे.